दोऱ्यांचं पटांगण

४ फेब्रुवारी, दुपार

धाकटे,

पाकीट उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि माझं अक्षर बघून पत्रही तसंच परत पाठवशील अशी धास्ती होती, म्हणून वरचा पत्ता नातीकडून लिहून घेतला. आतलं मात्र सगळं माझंच आहे. वेलांट्या कमीजास्त झाल्या तर सोडून दे. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने एवढं लिहिलं तेच पुष्कळ.

कामाचं आधी सांगते, नाहीतर मी कुठे वाहवत जाईन ते तुला ठाऊक आहे. लाँड्रीच्या मागचं आपलं दोऱ्यांचं पटांगण, तिथे वीज साठवायच्या पेट्या बसवायच्या आहेत. आईने ती जागा दोघींच्या नावावर ठेवली. माझी सही झाली, तुझी राहिली. मार्च संपायच्या आत तुझी सही आली नाही तर पेट्या नदीपलीकडच्या वॉर्डाला जातील, आणि आपल्या बाजूच्या संध्याकाळच्या दिव्यांसाठी कोळशाच्या वीजघराची ती चिमणी आणखी किती वर्षं धूर ओकत राहील ते कोणी सांगू शकत नाही. कागद सोबत आहे. सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलीय.

झालं कामाचं. आता बोलू.

फुली मारणारी भिंगरी, म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती पलंगाखाली शिरून मांजरीशी भांडत होती. आता डोक्यावर पिवळी टोपी घालून वीज कंपनीच्या जीपमधून हिंडते आणि दाढीमिशांच्या माणसांना सांगते, हे नीट झालं नाही, परत करा. आणि ते करतात. मला तिच्याकडे बघूनच पोट भरल्यासारखं होतं. मध्यंतरी ती डोंगरावरच्या पवनचक्कीवर चढली. वरून फोन केला, "आजी, आपली लाँड्री इथून काडेपेटीएवढी दिसते." मी म्हटलं, काडेपेटीतली म्हातारी हात हलवतेय ती दिसते का बघ. आणि खरंच अंगणात जाऊन हात हलवला. खळबाई म्हणाली, चळलात का. खळबाई अजून आहे हो. कपड्यांना खळ घालता घालता स्वतःच कडक झालेली, वाकत नाही की हसत नाही.

तर काय सांगत होते. देशाने ठरवलंय की कोळशाची वीज लवकरात लवकर बंद करायची, हे तुमच्याकडेही कानावर आलं असेल. आधी मला वाटलं, ठरवायला काय जातं, मीही दर वर्षी साखर सोडायचं ठरवते. पण या वेळी खरंच हलले. डोंगरावर चक्क्या उभ्या राहिल्या. रेल्वेच्या पडीक जमिनीवर, शाळांच्या छपरांवर, गोदामांवर उन्हाच्या काचा चढल्या. वरच्या धरणात दिवसा पाणी चढवतात आणि संध्याकाळी खाली सोडून त्यावर वीज करतात. परवानगीसाठी माणूस या टेबलावरून त्या टेबलावर म्हातारा व्हायचा, ते सगळं आता एकाच खोलीत बसवलंय. भिंगरी म्हणते, आजी, ऊन-वारा कोणी अडवलेला नाही, अडतं ते तारांवर, जागेवर आणि माणसांच्या सवयींवर.

सवयींचं म्हणशील तर माझी मोडली. आईने लाँड्री रात्रीची चालवली, मीही रात्रीचीच चालवत आले, कारण चिमणी रात्री विझवता येत नाही आणि तिची वीज कोणीतरी वापरायला हवी, म्हणून रात्रीची स्वस्त. आता उलटं झालंय. दुपारी वीज इतकी येते की कंपनीच म्हणते, घ्या, वापरा. तर आम्ही दवाखान्याच्या चादरी दिवसा धुतो. धाकटे, या वयात मला कळलं की रात्री झोपलं की सकाळी भूक लागते.

मेहुण्यांना नमस्कार सांग. तू सांगणार नाहीस, पण मी लिहिलाय.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी, चादरी दोरीवर गेल्यावर

धाकटे,

उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो, बिचाऱ्याला वाटतं त्याचीच चूक आहे.

तू का बोलत नाहीस हे मला माहीत नसल्याचा आव मी आणणार नाही. चादरी. ज्या वर्षी चिमणीची राख आपल्या पटांगणावर पडायला लागली, आम्ही धुवायचं आणि तिने काळं करायचं, दवाखान्याची मेट्रन चादर माझ्या तोंडापुढे धरून विचारायची, यावर बाळंतीण झोपवू का. त्याच वर्षी मी आणि खळबाई आणि सगळ्या बायका त्या राखेच्या चादरी घेऊन वीजघराच्या गेटवर गेलो आणि कुंपणाला टांगून आलो. राखेच्या खात्याचे फोरमन कोण, तर मेहुणे. पेपरात फोटो आला, मागे ठिपक्यांच्या चादरी आणि पुढे मेहुणे टोपी हातात घेऊन उभे. लोक हसले. तुम्ही बदली मागून निघून गेलात. तू जाताना दाराशीही आली नाहीस.

मी त्याबद्दल रडगाणं गात नाही. बाळंतिणींना राखेवर झोपवायचं नव्हतं, एवढंच. आता ती चिमणीच बंद व्हायची वेळ आलीय, आणि ती तुझ्या एका सहीवर अडलीय, म्हणून तुझ्या दारात बसलेय. पत्राने का होईना.

आता गंमत ऐक. गंमत म्हणजे तुला हसू येईल, मला तेव्हा आलं नव्हतं.

कंपनीने पत्रकं वाटली, दुपारी बारापासून वीज भरपूर, मोठी यंत्रं तेव्हा लावा. तू आपल्या गल्लीला ओळखतेस. जन्मभर रात्रपाळी केलेली माणसं, भोंगा झाला की कामाला लागणारी. पत्रकात बारा लिहिलंय ना, मग बारा. सोमवारी बाराचा ठोका पडला आणि मी धुलाईची सगळी यंत्रं लावली, बेकरीवाल्याने भट्ट्या लावल्या, पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना, नगरपालिकेचा पाण्याचा पंप, सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं. कोणी एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. कोपऱ्यावरच्या डीपीने आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढला, मग धूर काढला आणि गप्प बसली.

बेकरीवाला अंगभर पीठ घेऊन रस्त्यावर आला. "कोणी केलं हे?"

खळबाई म्हणाली, "तुम्हीच."

"मी तर पत्रकाप्रमाणे केलं."

"आम्हीपण."

गिरणीवाला म्हणाला, म्हणजे सगळ्यांनी सांगितलं तसं केलं म्हणून बिघडलं, आजवर न ऐकल्यामुळे बिघडायचं. भिंगरी जीपमधून आली आणि डीपीपुढे डोक्याला हात लावून उभी राहिली. मला म्हणाली, आजी, वीज भरपूर आहे, पण गल्लीत येणारी वाट अरुंद आहे, तुम्ही सगळे एकदम दारात शिरलात. दवाखान्याच्या चादरी त्या दिवशी अर्ध्या भिजलेल्या राहिल्या. मेट्रनने मला जे सुनावलं ते मी लिहीत नाही, पोस्टात जायचंय.

सही कर गं.

तुझी ताई


३ मार्च, दुपारचा चहा पुढ्यात

धाकटे,

कार्ड आलं. दोन ओळींचं, पण आलं. "बघितलंस? तुमच्या उन्हाच्या विजेने डीपी जाळली. आमच्या माणसाने कधी जाळली नाही." मी ते कार्ड लाँड्रीच्या भिंतीवर लावलंय. खळबाईने विचारलं, शिव्या भिंतीवर कशाला लावता. मी म्हटलं, अगं, शिव्या नाहीत, अक्षर आहे. इतक्या वर्षांनी अक्षर आलंय. "ळ"ची शेपटी अजून तशीच वर फेकतेस.

आणि तू म्हणालीस त्यात खोटं काय. डीपी जळली. पण आता जळत नाही, ते सांगते.

आपल्या लाँड्रीत पिळायचं मोठं यंत्र एकच होतं आणि बायका दहा, तेव्हा आई काय करायची आठवतं? ज्या बाईची पाळी तिचं फडकं खुंटीवर. फडकं खुंटीवर असेपर्यंत दुसरीने यंत्राला हात लावायचा नाही. तू लहान असताना पाळी नसताना फडकं लावलंस म्हणून आईने तुला दिवसभर बोळे पिळायला बसवलं होतं, तेही आठवत असेल. तर डीपी नवी आली त्या दिवशी गल्लीची बैठक भरली, लाँड्रीतच, दुसरीकडे एवढी जागा नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, आम्ही तुमच्या फोनवर निरोप पाठवू, कोणी कधी लावायचं त्याचा. बेकरीवाला म्हणाला, माझे हात पिठात असतात, फोन बघू की पाव. मी म्हटलं, फडकं लावा.

आता आमच्या गच्चीवर एक उंच काठी आहे. लाँड्रीचं निळं फडकं वर असलं की आमची यंत्रं चालतात. ते उतरलं की बेकरीचं पांढरं चढतं, मग गिरणीचं. पंपवाल्याचं हिरवं सकाळीच, ऊन वर यायला लागलं की. खिडकीतून मान वर केली की दिसतं. साहेबांनी भिंगरीला विचारलं, हे आकाशात ढग आले तर काय करतात? ती म्हणाली, ढग आले की मी आजीला फोन करते, आजी फडकं उतरवते. साहेब हसले आणि फोटो काढून घेऊन गेले. आता दुसऱ्या दोन गल्ल्यांतही काठ्या लागल्यात. एका गल्लीत फडक्यांवरून भांडण झालंय, ते मिटवायला खळबाईला पाठवलं होतं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. मिटलं.

पण दुपार निभावली म्हणून संध्याकाळ निभावत नाही, धाकटे. सूर्य बुडाला की घराघरांत दिवे, स्वयंपाक, दवाखान्याची यंत्रं, आणि वारा त्याच्या मर्जीचा मालक. धरणाचं पाणी सगळ्या शहराला पुरत नाही. आमच्या बाजूचा संध्याकाळचा भार अजून ती चिमणी ओढते. दुपारचं उरलेलं ऊन भरून ठेवायला जागा हवी, दवाखान्याच्या तारांजवळ, डीपीजवळ, सपाट, मोकळी. भिंगरीने सगळा वॉर्ड पालथा घातला. तशी जागा एकच निघाली, आईच्या दोऱ्यांची. माझाही जीव तुटला. आपण तिथे ओल्या चादरींमध्ये लपंडाव खेळायचो, तू चादरीला तोंडाचा ओला ठसा उमटवायचीस आणि मार मी खायचे. पण कपडे आता दुपारच्या विजेवर गरम हवेत वाळवता येतात, आणि उरलेल्या दोऱ्या गच्चीवर.

कार्डाच्या मागे बारीक अक्षरात विचारलंयस, पेट्या पेट घेतात का. भिंगरी म्हणाली, विचारलं ते बरं केलं. पेट्यांमध्ये अंतर सोडतात, पाण्याची सोय करतात, आणि धोका नाहीच असं ती म्हणत नाही, आटोक्यात ठेवता येतो म्हणते. मी तिला विचारलं, तू तुझी म्हातारी आजी त्याच्या शेजारी झोपवशील का? ती म्हणाली, झोपवेन, पण आजी झोपते कुठे, बडबडत असते.

महिना संपत आलाय असं समज.

तुझी ताई


१७ मार्च, लाँड्रीच्या पायरीवर

धाकटे,

तुझं मोठं पत्र दोनदा वाचलं, मग भिंगरीला मोठ्याने वाचायला लावलं, कारण काही ठिकाणी माझं मला पुढे जाता येईना.

तू लिहिलंयस की धुराला गाळण्या बसवा म्हणून मेहुणे स्वतः वर सांगत होते, चादरींच्या कितीतरी आधीपासून, आणि कोणी ऐकत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलणार नाही, माहीत असतं तरी चादरी टांगल्या असत्या. पण आधी त्यांना सांगून टांगल्या असत्या, आणि त्यांना म्हटलं असतं, तुम्ही त्या वेळी चहाला जा.

दुसरं तू जे लिहिलंस ते वाचून मी पायरीवर येऊन बसले. वीजघरात ड्यूटी सोडायची रीत असते. पुढचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग वादळ असो की घरी कोणी आजारी असो. तो आला की सगळं काय चाललंय ते त्याला सांगायचं आणि म्हणायचं "दिली". तो म्हणणार "घेतली". मग उठायचं. आणि चादरींच्या दिवशी मोठ्या साहेबांनी मेहुण्यांना गेटवरूनच घरी पाठवलं. त्यांची ड्यूटी कोणी घेतलीच नाही. तू लिहिलंयस, "ते अजून कधी कधी जेवताना मधेच थांबतात आणि विचारतात, त्या दिवशी माझ्यानंतर कोण बसलं असेल." आणि शेवटी, "तुम्ही म्हणता चिमणी बंद करू. ठीक आहे. पण तिच्याकडून ड्यूटी घेणारं कोण? पेट्या 'घेतली' म्हणत नाहीत. घेणारं माणूस कोण ते सांग, मग सहीचं बघते."

एवढं वाचून भिंगरीने पत्राची घडी घातली. मला वाटलं तिला राग आला. ती म्हणाली, "आजी, धाकट्या आजोबांचं बरोबर आहे. आमच्याकडेही हाच नियम आहे. नवीन उभं राहून चालून दाखवल्याशिवाय जुनं बंद करायचं नाही. आमचे लोक घाई घाई म्हणतात, पण घाई उभं करण्याची असते, सोडण्याची नाही."

तर ऐक, लिहून देते. घेणारी मी. या वॉर्डाची संध्याकाळ मी घेईन, माझ्या तोंडाने, फोनवर, मेहुण्यांकडून. ते त्या खुर्चीत बसलेले असतील. भिंगरीने वीजघराच्या आत्ताच्या साहेबांशी बोलून ठेवलंय. ते म्हणाले, जुन्या माणसाने शेवटची ड्यूटी दिली तर आम्हाला आवडेल, पण त्यांनी आधी प्रकृती दाखवावी. मेहुण्यांची प्रकृती दाखवायची म्हणजे डॉक्टरच घाबरेल, त्यांचे प्रश्न ऐकून.

आणि पेट्या सगळं नीट ओढेपर्यंत, एक संध्याकाळ नाही, पुष्कळ संध्याकाळी, ढगाळ असो, वारा पडलेला असो, तोपर्यंत मी "घेतली" म्हणणार नाही. मला कोणी घाई केली तर खळबाईला पुढे करीन.

कागद पाठव. महिनाअखेरीला साहेब यादी बंद करतात, आणि पलीकडच्या वॉर्डाचा नगरसेवक रोज कचेरीत येऊन बसतो, डबा घेऊन.

तुझी ताई


२ एप्रिल, सकाळ

धाकटे,

तुझा नवरा इथे आहे आणि सुखरूप आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी मी आशा सोडली होती. सोडली म्हणजे भिंगरीला म्हटलं, दुसऱ्या कुठल्या जागेचं बघू. ती म्हणाली, दुसरी नाही. तेवढ्यात दारात मेहुणे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कागद, सुरळी केलेला, घामाने मऊ झालेला. पोस्टावर विश्वास नाही म्हणाले, म्हणून स्वतः आलो. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी आमच्या यंत्राकडे बघून विचारलं, याचं बेअरिंग कोण बघतं? आवाज बरा नाही.

मी म्हटलं, पाणी तरी घ्या.

"आधी कचेरी. बंद होईल."

भिंगरी जीप घेऊन त्यांना कचेरीत घेऊन गेली. पलीकडचा नगरसेवक तिथे होताच. मेहुण्यांनी त्याच्या शेजारी बसून कागद दिला आणि त्यालाच सांगितलं, तुमच्या वॉर्डातही जागा शोधा, पुढच्या खेपेला लागेल. तो म्हणे मान हलवत राहिला.

परत आल्यावर ते जेवले, आणि मग म्हणाले, "तिने एक निरोप दिलाय. सही दिलीय, बोलणं दिलेलं नाही."

मी म्हटलं, निरोप पोचला.

त्यांना परत पाठवायचं होतं, पण ते हलत नाहीत. पेट्यांचा पाया खणायला आलेल्या माणसांच्या मागे उभे असतात. दोऱ्यांचे खांब उपटताना मी आत जाऊन बसले होते, तेव्हा ते बाहेर उभे राहिले आणि प्रत्येक खांब मोडू न देता काढून घेतला. गच्चीवर लागतील म्हणाले. खळबाईशी त्यांचं जमत नाही. म्हणजे फार जमतं. दोघं एकमेकांची चूक काढायला टपलेली असतात.

तुझ्या गुडघ्याचं त्यांनी सांगितलं. गुडघा खरा आहे की कारण आहे, हे मी त्यांना विचारलं नाही.

ताई


२० जून, संध्याकाळ उलटल्यावर

धाकटे,

थांबली गं. चिमणी थांबली. आजच.

आधी हे सांगते की मी घाई केली नाही. पेट्या मालगाडीच्या डब्याएवढ्या, पांढऱ्या, ओळीने बसवल्या, मधे अंतर सोडून. दुपारी भरायच्या, संध्याकाळी सोडायच्या. पहिल्या आठवड्यात एक पेटी रुसली, तर मेहुणे आणि भिंगरी तिच्यापुढे असे बसून राहिले जसं काही तिला ताप आलाय. मग ढगाळ दिवस आले, वारा पडला. एका संध्याकाळी दवाखान्यात ऑपरेशन चालू आणि पेट्यांवर सगळा भार, भिंगरीने नखं खाल्ली, मी काहीबाही बोलत राहिले कारण मी गप्प बसले असते तर सगळे घाबरले असते. निभावलं. पुन्हा निभावलं. मेट्रनचा फोन आला, मला वाटलं ओरडायला. ती म्हणाली, काही झालं नाही हे सांगायला फोन केला.

तेव्हा मी भिंगरीला म्हटलं, आता कळव.

मेहुण्यांचा जुना शर्ट काढला होता, तू पिशवीत घडी घालून दिलेला. तू दिलास, मला दिसलं. खळबाईने त्याला अशी खळ घातली की तो अंगात घातल्यावर मेहुण्यांना बसताच येईना. भिंगरीने त्यांना जीपमधून वीजघरात सोडलं. गेटवर आत्ताचे साहेब उभे होते. हात जोडून आत घेऊन गेले. खुर्ची आता वेगळी आहे म्हणे, चाकांची, पण जागा तीच.

मी पेट्यांच्या खोलीत. तिथे पंख्यांचा आवाज असतो आणि एक पडदा, त्यावर आकडे. भिंगरी पडद्यापुढे, मी फोनपुढे, दारात सगळी गल्ली. बेकरीवाला पाव घेऊन आला होता, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. शहरातले बाकीचे वॉर्ड धरणाच्या पाण्यावर आणि डोंगरावरच्या चक्क्यांवर जात होते, एकेकाचा फोन जात होता आणि वीजघरातला भार उतरत होता. आपला शेवटचा.

मग मेहुण्यांचा आवाज आला. अगदी ड्यूटीचा आवाज, घरचा नव्हे. भार किती, दाब किती, वाफ किती, कुठे काही खटकत नाही, सगळं सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. मग ते म्हणाले, "दिली."

आणि धाकटे, माझं तोंड उघडेना. जन्मभर जे बंद झालं नाही ते तेव्हा झालं. भिंगरी माझ्याकडे बघतेय, आणि मला माहीत होतं की तो माणूस मी म्हणेपर्यंत खुर्चीतून उठणार नाही, रात्रभर उठणार नाही. खळबाईने मागून पाठीत बोट खुपसलं. मी म्हटलं, "घेतली."

"काय?"

"घेतली म्हटलं. उठा आता."

भिंगरीने पडद्यावर काहीतरी केलं. दिवा लुकलुकला नाही. पण थोड्या वेळाने बाहेर माणसं घराघरांतून रस्त्यावर यायला लागली. काही बिघडलं म्हणून नाही. वीजघराचा तो घरघर आवाज, जो आपण जन्मल्यापासून ऐकतोय आणि ऐकतोय हेही विसरलोय, तो गेला होता. लोक नुसते उभे राहून ऐकत होते. एका घरातलं बाळ रडतंय ते चौथ्या घरात ऐकू येत होतं. बेकरीवाल्याने पाव वाटून टाकले.

मेहुणे चालत परत आले, जीप नको म्हणाले. दारात टोपी काढली, ताट वाढलं ते सगळं संपवलं. जेवताना मधे थांबले नाहीत. मी लक्ष ठेवून होते, तुला लिहायचं म्हणून.

आता ऐक. देशात अजून अशा चिमण्या आहेत, आणि भिंगरीला पुढच्या शहरात बोलावलंय, तिथेही कोणाच्या तरी दोन सह्या अडल्यात. ती जाईल. माझं इथलं काम मार्गी लागलंय, फडकी खळबाई बघते. आता राहिलीस तू.

शुक्रवारच्या गाडीने मी मेहुण्यांना घेऊन येतेय. त्यांना तू आत घेशील, ते मला माहीत आहे. मला घेतलं नाहीस तर मी तुझ्या पायरीवर बसेन. बसून राहीन, आणि येणाऱ्याजाणाऱ्या तुझ्या शेजारणींशी बोलेन. तुझ्या लहानपणचं काय काय मला आठवतं, ते तुलाच ठाऊक आहे.

ताई